कुठला ब्रेक?

शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी 'ब्रेक' या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून दिला होता: मोडणे, फोडणे. खाली वाक्य होतं, मुलाने काच फोडली. एवढ्या भांडवलावर मी दहावी झाले, बी.एस्सी. झाले आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत लागले. तिथं पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की या शब्दातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही. आमच्या कारखान्यात काच सोडून सगळं ब्रेक होत होतं.

आम्ही मोटारींची वायरिंग बनवायचो. मोटारीच्या पोटात दिव्यापासून हॉर्नपर्यंत जाणारा जो वायरींचा जुडगा असतो, तो बायका हातांनी गुंफतात. गुंफून झाला की टेस्टिंग बोर्डवर जातो. सगळी टोकं बोर्डात खोचायची, बटण दाबायचं. सगळे दिवे लागले तर माल पास. एखादा दिवा लागला नाही, तर आत कुठंतरी वायर तुटलेली आहे. याला आमच्याकडे 'वायर ब्रेक' म्हणतात, आणि तो पकडायचं काम शकूताईंचं होतं.

शकूताई मूळच्या जिंतूरकडच्या. चाकणला खोली घेऊन राहायच्या. त्यांचं बाकीचं चरित्र मला ठाऊक नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. अंगानं किरकोळ, आवाज मात्र शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. माझ्यापेक्षा चांगल्या पंधरा वर्षांनी मोठ्या, तरी मला 'मॅडम' म्हणायच्या. पण त्या 'मॅडम'मध्ये आदर कमी आणि 'बघू हिला काय येतं ते' जास्त असायचं.

पहिली गाठ चहाच्या ब्रेकमध्येच पडली. घंटा झाली, सगळ्या बायका जागच्या जागी उभ्या राहून कपातला चहा फुंकायला लागल्या. बसायला काही नव्हतंच. शकूताईंनी मात्र मालाचा रिकामा क्रेट उपडा केला, त्यावर फडकं अंथरलं आणि मांडी ठोकली. लाइन लीडर धावत आला. क्रेटवर बसणं नियमात नाही म्हणाला.

"मग खुर्ची द्या," शकूताई म्हणाल्या.

"खुर्ची शॉपफ्लोअरवर अलाउड नाही."

"मग क्रेटच बरा. उभ्यानं घोडं पितं, दादा. ब्रेक दिला ना? मग बसायचा दिला, उभं राहायला आमी आठ तास मोकळ्याच हाव."

लीडर माझ्याकडे बघायला लागला. मी नवी, मला काय कळतंय? मी आपली कपात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शकूताईंच्या शेजारी आणखी दोन क्रेट उपडे झाले, आणि महिन्याभरात चहाच्या वेळी क्रेट शिल्लक राहिनासे झाले. लीडरनं त्या नियमाचं नाव पुन्हा काढलं नाही.

एकदा पुण्याहून एक प्रशिक्षक बाई आल्या होत्या. विषय होता मनावरचा ताण. बाई बोलायच्या छान. कामाच्या रगाड्यात स्वतःसाठी ब्रेक घ्यायला शिका, असं त्यांनी सांगितलं आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणून हसून बघितलं. शकूताईंचा हात वर.

"मॅडम, कुठला ब्रेक?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं लई हायत ना. सकाळच्या चहाचा ब्रेक हाय, त्यात चहा ओठाला लागस्तोवर घंटी होती. वायर ब्रेक हाय, त्यो सापडला नाही की आमाला बोलणी. मशीनचा ब्रेकडाऊन हाय, तवा आमच्या हातात झाडू देतेत. बसचा ब्रेक हाय, त्यो चौकात लागला की आमी समद्या एकमेकीच्या मांडीवर. ही अश्विनी बसली हाय, हिचा परवा ब्रेकअप झाला. आन सात महिन्याचा ब्रेक हाय, त्यो आमी घेत नाही, त्यो आमाला देतेत. तुमी म्हणलेला यातला कुठला?"

हॉल हसून हसून आडवा झाला. अश्विनी सोडून. बाई बऱ्या होत्या. त्याही हसल्या, आणि मग खुर्ची ओढून बसत त्यांनी विचारलं की हा सात महिन्यांचा ब्रेक काय असतो. मागं उभे असलेले आमचे प्लांट मॅनेजर पाटणकर साहेब, त्यांना नेमका तेव्हाच फोन आला. ते बाहेर गेले ते चहा होईपर्यंत आले नाहीत.

अश्विनी ही लाइनवरची सगळ्यांत लहान मुलगी. लग्न ठरलं होतं, मोडलं. चारचौघांत नाव घेतल्यामुळं ती चहाच्या वेळी क्रेटवर बसून मुसमुसत होती. शकूताईंनी माफी वगैरे मागितली नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. तिच्या हातात कप दिला.

"रड, पण चहा गार करू नको. आपल्या बोर्डावर दिवा नाही लागला तर आपण काय टाकतो?"

"वायरिंग," अश्विनी नाक ओढत म्हणाली.

"आन बोर्ड?"

"बोर्ड कशाला टाकू?"

"मंग. तू बोर्ड हायेस. त्यो मेला वायर होता."

अश्विनी रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती शकूताईंची सावली झाली. बोर्डवरचं काम शकूताईंनीच तिला शिकवलं.

आता तो सात महिन्यांचा ब्रेक. या पट्ट्यात तो काय हे पोराटोरांना ठाऊक आहे, पण बंगल्यात राहणाऱ्यांना सांगावं लागतं. ठेकेदारीवरच्या माणसाला सलग ठेवलं तर तो उद्या कायम करा म्हणेल. म्हणून सात महिने झाले की त्याला थोडे दिवस घरी बसवायचं आणि मग नवं कार्ड देऊन परत घ्यायचं. कागदावर तो माणूस नवा. काम तेच, हात तेच, बाई तीच, पण नवी. बोर्डावर असली तुटकी तार सापडली असती तर शकूताईंनी नापास मालाच्या लाल पेटीत फेकली असती. इथं मात्र तार मुद्दाम तोडायची आणि दिवे लागतायत असं म्हणायचं, अशी रीत होती.

आमच्या कारखान्यानं त्यावर आणखी एक शहाणपण केलं होतं. नव्या कामगारानं पहिला आठवडा हिरवी टोपी घालायची, म्हणजे शिकाऊ कोण हे लांबून कळतं. शिकलेल्यांना निळी. हिरव्या टोपीनं एकटीनं कामाला हात लावायचा नाही, शेजारी निळी टोपी उभी हवी. नियम चांगलाच होता, हात कापले जाऊ नयेत म्हणून केलेला, पाटणकर साहेबांच्या सहीनं भिंतीवर लावलेला. पण ब्रेकवरून परत आलेली बाई कागदावर नवी, म्हणून तिलाही हिरवी टोपी. आठवडा झाला की पुन्हा निळी. हिरव्या टोप्या कुणी परत मागत नसे, त्यामुळं बायकांच्या घरी त्या साठत जायच्या. कुणाकडे लोणच्याच्या बरणीवर, कुणाकडे पोरीच्या बाहुलीच्या डोक्यावर.

एकदा ब्रेकवरून परत आल्यावर शकूताई हिरव्या टोपीत बोर्डापुढं उभ्या आणि त्यांना शिकवायला शेजारी निळ्या टोपीत अश्विनी. त्या वेळी दोघी पोट धरून हसल्या. "शिकव गं बाई, बटण कुठं हाय," असं शकूताई मुद्दाम मोठ्यानं विचारायच्या. पुढच्या खेपेला पुन्हा तेच झालं, तेव्हा कुणी हसलं नाही. अश्विनी तर वर बघतच नव्हती.

त्याच्या पुढचा ब्रेक आला तेव्हा शकूताईंनी गेटवर कार्ड जमा केलं. निळी टोपीही जमा करायची असते, ती त्यांनी केली नाही. डोक्यावर तशीच ठेवून बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निगडीहून येणारी आमची बस गेटात वळताना मी पाहिलं, समोरच्या चहाच्या टपरीच्या बाकावर शकूताई बसलेल्या. युनिफॉर्म, निळी टोपी, मांडीवर डबा. टपरी तात्यांची. तात्या इथलेच, गावातले. चहाच्या घंटेला शकूताईंनी चहा घेतला, जेवणाच्या भोंग्याला डबा सोडला, शिफ्ट सुटली तेव्हा उठून घरी गेल्या. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि चौथ्या दिवशीही.

पाटणकर साहेब माणूस वाईट नव्हते. 'आपण सगळे एक फॅमिली आहोत' हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असायचं आणि ते त्यांना खरंच वाटायचं. ते स्वतः गाडीतून उतरून टपरीपाशी गेले. मी गेटजवळच्या मालाची तपासणी करत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"शकूबाई, हे बरं दिसत नाही. तुम्ही ब्रेकवर आहात. घरी आराम करा."

"मी कुठं आत येते म्हणाले, साहेब? मी कामावर नाही हे तुमी ठरवलं. मी घरी नाही हे मी ठरवलं."

"पण इथं बसून मिळवायचं काय?"

"काय नाही. बसले हाय. ब्रेक म्हणजे बसणंच की."

साहेबांनी तात्यांकडे बघितलं, तुम्ही तरी समजवा अशा नजरेनं. तात्या कपबशा विसळत म्हणाले, "बाक माझा हाय साह्येब. आमी कुनाला ऊठ म्हनत न्हाई."

ब्रेकचे दिवस संपले. बरोबरच्या बायकांना ठेकेदाराचे फोन आले, त्या हिरव्या टोप्या घालून आत गेल्या. शकूताईंनाही फोन आला होता. त्या म्हणाल्या, येते, पण निळ्या टोपीत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, नवं कार्ड म्हणजे हिरवी टोपी, माझ्या हातात नाही. मग मी इथंच बरी, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि बाकावर बसून राहिल्या.

खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. हातातलं काम जात होतं, खोलीचं भाडं थांबत नव्हतं, आणि कशासाठी, तर एका टोपीसाठी. अश्विनीला घेऊन मी टपरीवर गेले. म्हटलं, ताई, आठवड्याचा तर प्रश्न आहे, घालून टाका. एवढा हट्ट कुणी बघतंय का?

शकूताईंनी बाजूला सरकून आम्हाला बसायला जागा केली.

"मॅडम, तुमचं लग्न झालं हाय ना? सासरी माप ओलांडून गेलाव?"

"हो."

"मंग माहेराहून परत आलाव की दर खेपेला दारात माप ठेवतेत का? आन नणंद शेजारी उभी राहून शिकवती का, की वहिनी, उजवा पाय आधी?"

तात्या म्हणाले, "बाई, आन न्हाई घेतलं त्यांनी तर?"

"तर नाही घेतलं. घरी बसंन. पर नवी म्हणून नाही जायची. मी नवी नाय."

हे म्हणताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. माझा राग तिथंच गेला आणि त्या जागी दुसऱ्याच कुणाचा तरी राग येऊन बसला. परत येताना अश्विनीनं मला एवढंच विचारलं की भिंतीवरचा टोप्यांचा नियम अजून तोच आहे ना. मी म्हटलं, तोच आहे.

दोन दिवसांनी सकाळी मी लाइनवर गेले आणि दारातच थांबले. सगळं हिरवंगार. अश्विनीपासून कोपऱ्यात टेप गुंडाळणाऱ्या आजींपर्यंत प्रत्येकीच्या डोक्यावर हिरवी टोपी. कुणाची चुरगळलेली, कुणाच्या टोपीला लोणच्याच्या तेलाचा डाग. सगळ्या आपापल्या जागी हात मागं बांधून उभ्या. एकही वायर हलत नव्हती आणि बाहेर माल न्यायला आलेला ट्रक हॉर्न देत होता.

लीडर ऑफिसकडे पळाला. पाटणकर साहेब आले.

"हा काय पोरकटपणा आहे?"

"आम्ही नवीन आहोत, साहेब," अश्विनी म्हणाली. "शिकवा आम्हाला."

"अश्विनी, टोपी बदल."

"कशी बदलू? आम्ही सगळ्या कधी ना कधी ब्रेकवरून परत आलोय. तेव्हा तुम्हीच म्हणालात, ब्रेकवरून आलेली म्हणजे नवी. शेजारी निळी टोपी उभी करा, लगेच सुरू करतो."

डोक्यावर निळी टोपी असलेली आता एकच बाई उरली होती, आणि ती गेटाबाहेर बाकावर बसलेली होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही क्वालिटी आहात. काय करायचं?"

"नियम भिंतीवर आहे, साहेब," मी म्हटलं. "खाली सही तुमची आहे."

नोकरीत मी जी काही वाक्यं बोलले, त्यांतलं हे एक मला अजून आवडतं. तेवढंच माझं श्रेय. बाकी सगळं त्यांचं.

साहेब चालत टपरीवर गेले. पुढचं मला तात्यांनी सांगितलं. साहेब आधी नुसतेच उभे राहिले. शकूताई म्हणाल्या, चहा घ्या, पण बसून घ्या. साहेब बसले. चहा संपवला. मग म्हणाले, चला.

"कुठल्या टोपीत?"

साहेबांनी त्यांच्या डोक्याकडे बोट केलं.

शकूताई आत आल्या तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, घोषणा दिल्या नाहीत. बायकांनी हिरव्या टोप्या काढून खिशात कोंबल्या, निळ्या घातल्या आणि लाइन सुरू झाली. शकूताईंनी पहिलीच वायरिंग बोर्डवर लावली. एक दिवा लागला नाही. "ब्रेक हाय," म्हणाल्या आणि ती लाल पेटीत टाकली, जशा काही कालही इथंच होत्या.

इथं गोष्ट संपवली तर ती छान दिसेल, पण खोटं कशाला बोलू? सात महिन्यांचा ब्रेक काही बंद झाला नाही. बंद झाली ती फक्त परत येणाऱ्या बायकांची हिरवी टोपी. आमच्या ऑफिसातले काहीजण म्हणायचे, एवढं करून मिळवलं काय, एक टोपी. असं म्हणणारे सगळे कायम नोकरीतले होते. ज्यांनी जन्मात एकदाच माप ओलांडलं, त्यांनी यावर बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मी त्यात आले तर मीही बोलू नये.

पुढं ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदारानं वयाची अट घातली आणि पुढच्या ब्रेकनंतर शकूताईंना फोनच आला नाही. त्या नेहमीसारख्या बाकावर येऊन बसल्या, बरेच दिवस बसल्या. अश्विनी आणि मी पाटणकर साहेबांकडे गेलो, तर तेही तोवर बदलून गेले होते आणि नव्या साहेबांना शकूताई कोण हेच माहीत नव्हतं. एक दिवस बाक रिकामा दिसला.

"गेली," तात्या म्हणाले. "दुसरीकडं लागली म्हनं. व्हय, टोपी घिऊनच गेली."

त्यानंतर बराच काळ गेला. मीही ती नोकरी सोडली आणि आता दुसऱ्या कंपनीसाठी छोट्या कारखान्यांची तपासणी करत हिंडते. मध्यंतरी तळवड्याला एका लहानशा शेडमध्ये गेले होते. दहा-बारा बायका वायरी गुंफत होत्या. शेड नुकतीच सुरू झालेली, म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर शिकाऊंच्या पिवळ्या टोप्या. एकच टोपी वेगळी, धुऊन धुऊन पार पांढरट झालेली निळी. टोपीखालचे केसही तसेच झाले होते. बोट बोर्डच्या बटणावर होतं.

तिथला तरुण सुपरवायझर माझी नजर पाहून ओशाळला. "मॅडम, हे रिपोर्टमध्ये लिहू नका प्लीज. त्या मावशी मागच्याच आठवड्यात आल्यात, नवीन आहेत. टोपी बदला म्हटलं तर ऐकतच नाहीत."

शकूताईंनी मान वर केली नाही. "कोण नवीन? विचारा त्या मॅडमना."

सुपरवायझर माझ्याकडे बघत राहिला. शेडमधल्या सगळ्या पिवळ्या टोप्याही वळल्या.

"नाही," मी म्हटलं. "या नवीन नाहीत."

बोर्डवरचे सगळे दिवे लागले. शकूताईंनी वायरिंग सोडवली, पुढची घेतली. हसल्या की नाही ते मला दिसलं नाही. तेवढ्यात चहाची घंटा झाली. मी दारापर्यंत गेले होते, पण मागून खडखड ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. त्या शेडमध्ये एकही खुर्ची नव्हती. बायकांनी भराभर क्रेट उपडे केले, त्यावर फडकी अंथरली आणि एकूण एक जणी खाली बसून चहा प्यायला लागल्या.